रक्तदानानंतर स्वतःची काळजी: पहिल्या पाच मिनिटांपासून पुढच्या रक्तदानापर्यंत

रक्तदानाच्या वेळी शरीरातून नेमके किती रक्त जाते हे आधी समजून घ्यावे, कारण पुढची सगळी काळजी त्या हिशोबावर अवलंबून आहे. भारतातील नियमांनुसार किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी दात्याकडून ३५० मिलीलीटर आणि ५५ किलोंपेक्षा अधिक वजन असलेल्या दात्याकडून ४५० मिलीलीटर रक्त घेता येते. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलीलीटर रक्त असते. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाच्या साडेतीन लिटर रक्तातला दहावा हिस्सा पिशवीत जातो. निरोगी शरीर ही घट सोसते, परंतु ती सगळी एकाच वेगाने भरून निघत नाही. रक्तातला द्रवभाग दिवसा-दोन दिवसांत पूर्ववत होतो, तांबड्या पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि त्या पेशींबरोबर गेलेले लोह साठ्यात परत यायला महिने जातात.

नवख्या दात्याला चक्कर येऊन पडण्याचा जो धोका असतो तो पहिल्या घटीमुळे, आणि नियमित दात्याचा नकळत जो तोटा होतो तो शेवटच्या घटीमुळे. आपल्याकडे मात्र काळजीचा क्रम नेमका उलटा असतो. शिबिरातून उठून दहाव्या मिनिटाला स्कूटरला किल्ली लावणारा दाता संध्याकाळी रक्त वाढावे म्हणून बिटाचा रस पितो, आणि दोन्ही बाबतींत त्याचे चुकलेले असते.

पहिली पायरी: रक्त देण्याआधीच करायच्या गोष्टी

रक्तदानानंतर त्रास होणार की नाही, हे बऱ्याच अंशी रक्तदानाच्या आधीच ठरलेले असते. रिकाम्या पोटी रक्त देऊ नये. शेवटचे जेवण किंवा पोटभर नाश्ता चार तासांच्या आत झालेला असावा. आदल्या रात्री नीट झोप झालेली असावी. रात्रपाळी करून तशाच डोळ्यांनी शिबिराला येणे टाळावे. रक्त देण्यापूर्वी अर्ध्या तासात दोन मोठे ग्लास, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी प्यायले तर भोवळ येण्याची शक्यता कमी होते, हे अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून दिसून आलेले आहे. उपाय इतका साधा आणि फुकटचा असल्यामुळेच बहुधा तो कोणी मनावर घेत नाही.

उपवासाचा मुद्दा आपल्याकडे वेगळा सांगावा लागतो, कारण श्रावण, गणेशोत्सव आणि नवरात्र हेच शिबिरांचेही दिवस असतात. उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. "खिचडी खाल्ली आहे, चालेल" हा युक्तिवाद नोंदणीच्या टेबलावर नेहमी ऐकू येतो. परंतु निर्जळी असो वा फराळाचा, उपवासाच्या दिवशी पाणी आणि अन्न दोन्ही कमीच पोटात जाते, आणि रक्त दिल्यानंतरचे पुढचे जेवण तर दुसऱ्या दिवशीच असते. रोजा असेल तर रोजा सोडून, जेवून मग रक्त द्यावे. पुण्याची वाट चुकत नाही. शिबिर पुढच्या आठवड्यातही असते, आणि रक्तपेढी तर वर्षभर असते.

घरी परत कसे जायचे आणि पुढच्या चोवीस तासांत काय काम आहे, याचाही विचार आधीच करून ठेवावा. लांब पल्ल्याची वाहने चालवणारे, विमानातील कर्मचारी, आपत्कालीन सेवेत असलेले आणि अवजड मेहनतीचे काम करणारे यांनी पुढच्या पाळीच्या आधीच्या चोवीस तासांत रक्त देऊ नये. हाच नियम परांचीवर चढून रंगकाम करणाऱ्याने, विजेच्या खांबावर काम करणाऱ्या वायरमनने आणि दहीहंडीच्या थरात उभे राहणाऱ्या गोविंदानेही स्वतःला लावून घ्यावा.

दुसरी पायरी: सुई निघाल्यानंतरची पाच मिनिटे

सुई काढताच तंत्रज्ञ त्या जागी कापसाचा बोळा ठेवतो आणि तो दाबून धरायला सांगतो. इथे बहुतेक नवखे दाते हात कोपरात दुमडून छातीशी घेतात. तसे करू नये. हात दुमडल्याने बोळ्यावर जो दाब येतो असे वाटते तो शिरेवर नेमका पडत नाही, आणि हात पुन्हा सरळ केला की नुकतीच बंद होऊ लागलेली जखम उघडते. हात सरळ ठेवावा, दुसऱ्या हाताच्या दोन-तीन बोटांनी बोळा थेट सुईच्या जागेवर दाबावा आणि हात किंचित वर उचलून धरावा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला बोळा उचलून बघण्याचा मोह आवरावा. रक्तदानासाठी वापरली जाणारी सुई ही नेहमीच्या रक्ततपासणीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे ही पाच मिनिटे खरोखरच पाच मिनिटे असली पाहिजेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असाल तर ते आधीच्या अर्जातच सांगितलेले असावे.

या काळात खाटेवर पडूनच राहावे. पिशवी भरली म्हणजे काम झाले, असे समजून दाता ताडकन उठून बसतो. मागे रांग असते, तंत्रज्ञही घाईत असतो. तरीही निवांत पडून राहण्याचा दात्याला पूर्ण अधिकार आहे. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, डोके हलके वाटत नाही याची खात्री करावी आणि मगच उभे राहावे. प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढायचा असेल तर तो बसूनच काढावा.

तिसरी पायरी: चहापानाच्या टेबलाजवळची पंधरा मिनिटे

शिबिरात मिळणारे केळे, ग्लुकोजची बिस्किटे आणि चहा हा पाहुणचार नसून उपचाराचा भाग आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे तिथे बसणे. किमान पंधरा मिनिटे, आणि पहिलेच रक्तदान असेल, वय कमी असेल, वजन पन्नाशीच्या आसपास असेल किंवा पूर्वी कधी इंजेक्शन पाहून भोवळ आलेली असेल तर अर्धा तास बसावे. आधी पाणी किंवा सरबत प्यावे, मग खावे. चहा घ्यायला हरकत नाही, पण केवळ चहावर भागवू नये. मधुमेह असून गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्या दात्याने साखरेच्या ज्यूसऐवजी मीठ घातलेले ताक आणि बिस्किटांऐवजी घरून आणलेला डबा पसंत करावा.

या वेळेत नेमके काय होऊ शकते ते समजले, की बसून राहणे कंटाळवाणे वाटत नाही. आपण उभे राहतो तेव्हा बरेचसे रक्त पायांकडे उतरते आणि शरीर रक्तवाहिन्या आकसून, हृदयाचे ठोके थोडे वाढवून मेंदूकडे पुरेसे रक्त पोहोचत ठेवते. रक्तदानानंतर मुळातच रक्ताचे आकारमान कमी झालेले असते. त्यात भीती, उकाडा, भूक किंवा दीर्घकाळ उभे राहणे यांची भर पडली तर ही यंत्रणा काही क्षणांसाठी उलटी वागते: रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला रक्त कमी पडून माणसाला भोवळ येते. म्हणजे भोवळ येणे हे रक्त फार गेल्याचे लक्षण नसून मज्जासंस्थेच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेचा परिणाम आहे. धडधाकट पहिलवानालाही ती येते, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

भोवळ सहसा सांगून येते. वारंवार जांभया येणे, कपाळावर आणि ओठांच्या वर थंड घाम सुटणे, पोटात ढवळणे, चेहरा पांढराफटक पडणे, कानात गुणगुणल्यासारखा आवाज होणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिची लक्षणे आहेत. शिबिरात काम करणारे जुने कार्यकर्ते दात्याच्या तोंडाकडे बघत असतात ते याचसाठी. अचानक गप्प झालेला दाता त्यांना बडबड्या दात्यापेक्षा अधिक काळजीत टाकतो.

असे काही जाणवू लागले तर, जिथे आहात तिथेच खाली बसावे, शक्य असल्यास आडवे व्हावे आणि जवळच्या माणसाला सांगावे. "थोडे बाहेर मोकळ्या हवेत जाऊन येतो" म्हणून चालू लागणे ही सर्वांत वाईट कल्पना आहे. लगेच आडवे होता येत नसेल तर एक युक्ती उपयोगी पडते: पायाची अढी घालून मांड्या, नितंब आणि पोट यांचे स्नायू पाच-सात सेकंद घट्ट आवळावेत, सोडावेत आणि पुन्हा आवळावेत. त्यामुळे पायांत साठलेले रक्त वर ढकलले जाते आणि खाली बसेपर्यंतचा वेळ मिळतो.

सभागृहाच्या दाराशी चपला घालण्याची जागा ही माझ्या मते शिबिरातली सर्वांत दुर्लक्षित धोक्याची जागा आहे. दाता आत पंधरा मिनिटे व्यवस्थित बसलेला असतो. बाहेर येऊन तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो, झटक्यात वर उठतो आणि पायरीवरच कोसळतो. बूट बसून घालावेत. मंडळाने तिथे दोन खुर्च्या ठेवाव्यात.

कोणाला भोवळ आलीच तर

हा भाग दात्यासाठी जितका आहे तितकाच त्याच्याबरोबर आलेल्या माणसासाठी आहे. भोवळ आलेल्याला उचलून खुर्चीत बसवू नये. आहे तिथेच पाठीवर झोपवावे आणि पाय हातभर वर उचलून धरावेत किंवा खुर्चीच्या बैठकीवर टेकवावेत. गळ्याजवळची गुंडी आणि कमरेचा पट्टा सैल करावा, कपाळावर ओला रुमाल ठेवावा, भोवतीचा घोळका हटवून वारा येऊ द्यावा. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या भानगडीत पडू नये. बेशुद्धीच्या काही सेकंदांत हातापायांना झटके आल्यासारखे दिसू शकते; मेंदूला क्षणभर रक्त कमी पडल्याने तसे होते आणि ती फेफऱ्याची खूण असेलच असे नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे.

आडवे केल्यावर बहुतेक जण मिनिटभरात भानावर येतात. तरीही नंतर किमान अर्धा तास त्यांना पडू द्यावे, मग बसवावे, पाणी द्यावे आणि एकटे घरी पाठवू नये. शुद्ध लवकर येत नसेल, पडताना डोक्याला मार लागला असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर शिबिरातल्या डॉक्टरांना लगेच बोलवावे, आणि ते जवळ नसतील तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

चौथी पायरी: घरी जाताना

भोवळ येण्याचे बहुतेक प्रसंग रक्तदानाच्या ठिकाणीच घडतात, परंतु थोडे तिथून निघाल्यानंतर, काही तासांनीही घडतात; आणि इजा होते ती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात, कारण तेव्हा जवळ ना खाट असते ना डॉक्टर. म्हणून दुचाकीवरून आलेल्या दात्याने शक्यतो दुसऱ्याला गाडी चालवू द्यावी किंवा रिक्षाने परतावे. मागे बसणारालाही भोवळ आली तर तो पडतोच, तेव्हा मागे बसायचे असले तरी आधीची पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती चुकवू नये. काही शिबिरांत भेट म्हणून हेल्मेट देतात; ते डोक्यावर चढवून लगेच गाडीला किल्ली लावण्यात कोणते शहाणपण आहे, ते देणाऱ्यांनीही एकदा पाहावे. स्वतःच गाडी चालवण्यावाचून गत्यंतर नसेल तर अर्धा-पाऊण तास थांबून, पोटभर पाणी पिऊन आणि खाऊन निघावे. वाटेत जरा जरी गरगरल्यासारखे झाले तर तिथेच गाडी बाजूला घेऊन फूटपाथवर बसावे. "घर आलेच आहे" हा विचार अशा वेळी घातक ठरतो.

मुंबईत लोकलने जाणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळावी. दाराशी उभे राहू नये. बसायला जागा नसेल तर सरळ कोणाला तरी सांगावे की आताच रक्त दिले आहे. दंडावरची पट्टी दाखवल्यावर जागा न देणारा प्रवासी विरळाच. फलाटावर गाडीची वाट पाहताना कडेपासून दूर, बाकावर बसावे. एसटीने दूर जायचे असेल तर पाण्याची बाटली आणि काहीतरी खारट खाणे बरोबर ठेवावे.

पाचवी पायरी: तो दिवस आणि ती रात्र

पहिल्या चोवीस तासांत मुख्य काम एकच, ते म्हणजे गेलेला द्रव भरून काढणे. नेहमीपेक्षा चार-पाच ग्लास पाणी जास्त प्यावे आणि त्यातला काही भाग मीठ असलेल्या पेयांतून घ्यावा: ताक, लिंबाचे सरबत, भाताची पेज, कढण, सूप. नुसत्या पाण्यापेक्षा मिठासह घेतलेले पाणी रक्तवाहिन्यांत अधिक टिकते. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले आहे त्यांनी मात्र मिठाचे प्रमाण वाढवू नये. जेवण वेळेवर आणि नेहमीचे घ्यावे. त्यासाठी काही खास पक्वान्न लागत नाही, वरण-भात, भाकरी-भाजी पुरते. मद्य त्या दिवशी पूर्ण वर्ज्य करावे, कारण त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि लघवीवाटे पाणीही जाते. धूम्रपान करणाऱ्यांनी निदान पहिले दोन तास तरी सिगारेट ओढू नये; रक्त दिल्यानंतर लगेच ओढलेल्या सिगारेटने चक्कर येते.

गीझरच्या कडकडीत पाण्याची अंघोळ त्या दिवशी टाळावी, कोमट पाण्याने करावी. न्हाणीघराला आतून कडी न लावणे हे थोडे संकोचाचे वाटले तरी पहिल्या दिवशी शहाणपणाचे आहे. पुरुषांनी त्या रात्री लघवीलाही बसावे, कारण लघवीनंतर रक्तदाब क्षणभर उतरतो आणि रात्री झोपेतून उठून तडक उभे राहिलेला माणूस भोवळीला आयताच सापडतो. अंथरुणातून उठताना कडेला मिनिटभर बसण्याचा नियम दोन दिवस पाळावा. स्वयंपाकघरात शेगडीसमोर तासभर उभे राहून काम करणे हेसुद्धा उष्णता आणि उभे राहणे यांचे एकत्रीकरणच आहे. घरातल्या बाईने सकाळी रक्त दिले असेल तर संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करावा.

सहावी पायरी: हाताची काळजी

पट्टी चार ते सहा तास ठेवावी आणि नंतर काढून जागा साबण-पाण्याने धुवावी. त्या हाताने चोवीस तास जड वस्तू उचलू नये. जड वस्तू म्हणजे केवळ सिलिंडर किंवा पाण्याचा हंडा नव्हे. मंडईतून भरून आणलेली पिशवी आणि कडेवर घेतलेले मूलही त्यात येते. पट्टी काढल्यावर पुन्हा रक्त आले तर घाबरू नये. हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरून स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे घट्ट दाबावे.

दुसऱ्या दिवशी कोपराच्या घडीत काळेनिळे दिसणे हे फार सामान्य आहे. शिरेतून थोडे रक्त आजूबाजूच्या कातडीखाली झिरपून साकळते, म्हणून तो डाग पडतो. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे लावावा, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक द्यावा. मालिश करू नये, चोळू तर मुळीच नये. हा डाग दोन-चार दिवसांत निळ्याचा हिरवट आणि मग पिवळट होतो, आणि बऱ्याचदा कोपरापासून खाली मनगटाकडे सरकलेला दिसतो. तो वाढल्याचा तो पुरावा नव्हे. साकळलेले रक्त आपल्याच भाराने खाली उतरते आणि एक ते दोन आठवड्यांत पूर्ण शोषले जाते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन पहिल्या एक-दोन दिवसांत टाळलेली बरी, कारण त्यांमुळे रक्त गोठण्यात अडथळा येतो.

चार गोष्टींत मात्र घरी वाट पाहत बसू नये. सूज भराभर वाढून हात ताठरत असेल. सुई टोचताना विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली होती आणि त्यानंतर मुंग्या किंवा बधिरपणा टिकून आहे. शीर दोरीसारखी टणक, लाल आणि गरम झाली आहे. किंवा त्या जागी पू होऊन ताप आला आहे, यांपैकी काहीही झाल्यास रक्तपेढीला फोन करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. मज्जातंतूला झालेला त्रास बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप बरा होतो, परंतु त्याची नोंद रक्तपेढीकडे होणे आवश्यक असते.

सातवी पायरी: व्यायाम आणि मेहनत

चालणे-फिरणे दुसऱ्या दिवसापासून नेहमीप्रमाणे करावे. जिम, पोहणे, सायकलिंग, क्रिकेट यांना किमान चोवीस तास सुट्टी द्यावी आणि परतल्यावर पहिले काही दिवस भार कमी ठेवावा. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव आणि रक्तदान शिबिरे एकाच सुमारास होतात. कमरेला ढोल बांधून दोन-तीन तास उन्हात वाजवणे हे चांगलेच मेहनतीचे काम आहे, तेव्हा सरावाच्या किंवा मिरवणुकीच्या आदल्या दिवशी रक्त देऊ नये. रविवारी किल्ल्यावर जायचे असेल तर शनिवारी रक्त देण्यापेक्षा परत आल्यावर, विश्रांती झाल्यावर द्यावे.

धावणाऱ्यांसाठी हिशोब थोडा वेगळा आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी कमी झाल्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे दम लवकर लागतो. रोजच्या कामात तो जाणवतही नाही, पण घाटाच्या चढावर नक्की जाणवतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन वेळ नोंदवण्यासाठी धावायची असेल, तर रक्तदान आणि शर्यत यांच्यात किमान सहा ते आठ आठवडे असावेत, किंवा रक्तदान शर्यतीनंतर करावे.

आठवी पायरी: लोहाचा साठा

रक्तदानापूर्वी बोट टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आहे असे मानून दात्याला पुढे पाठवले जाते. हल्ली बऱ्याच ठिकाणी यासाठी यंत्रही वापरतात. ही चाचणी रक्तात फिरणारे हिमोग्लोबिन सांगते. यकृतात आणि अस्थिमज्जेत शिल्लक असलेल्या लोहाबद्दल ती काहीच सांगत नाही. साठा पार आटत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठाकठीक दिसत राहते, आणि नियमित रक्तदात्यांची फसगत होते ती इथेच.

३५० मिलीलीटर रक्ताबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम आणि ४५० मिलीलीटरबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह जाते. रोजच्या आहारातून शरीर शोषून घेते ते मात्र जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातले निम्म्याहून अधिक रोजच्या झिजेत खर्ची पडते. पाळी येणाऱ्या स्त्रियांत तर त्याहूनही जास्त. साठा कमी झाला की आतडी थोडे अधिक लोह शोषतात, तरीही केवळ जेवणावर हा खड्डा भरायला चार-सहा महिने, कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो. पुरुषांना दर ९० दिवसांनी आणि स्त्रियांना दर १२० दिवसांनी रक्त देता येते. म्हणजे नियमाने परवानगी असली तरी साठा तोवर भरलेला असेलच असे नाही.

आहारात काय घ्यावे याबद्दल आपल्याकडे रंगावरून निष्कर्ष काढण्याची सवय आहे. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, हा समज त्यातलाच. शंभर ग्रॅम बिटात एखादा मिलिग्रॅम लोह असते आणि डाळिंबात त्याहूनही कमी. ती खावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. अळीव, बाजरी, हुलगे, मटकी, हरभरे, तीळ, कारळ्याची चटणी आणि माठ, राजगिरा यांसारख्या पालेभाज्या हे अधिक भरवशाचे पदार्थ आहेत. मांसाहार करणाऱ्यांसाठी कलेजी, मटण आणि मासे यांतले लोह धान्य-भाज्यांमधल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते.

शाकाहारात पदार्थापेक्षा त्याची जोडी महत्त्वाची ठरते. जेवताना लिंबू पिळले, आवळ्याची किंवा कैरीची फोड घेतली, नंतर पेरू खाल्ला तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते. कडधान्यांना मोड आणल्यानेही फायदा होतो. लोखंडी कढईत आमटी किंवा भाजी केल्यास, विशेषतः त्यात चिंच-टोमॅटोचा आंबटपणा असल्यास, कढईतले लोह अन्नात उतरते. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवून उठताच घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. चहा सोडा असे सांगणे या राज्यात व्यर्थ आहे. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवले तरी पुरे.

वर्षातून दोन-तीनदा रक्त देणाऱ्यांनी, आणि एकदा देणाऱ्या तरुण स्त्रियांनीही, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे लोहाच्या गोळ्या घेण्याचा विचार करावा. या गोळ्यांनी शौच काळपट होते, ते स्वाभाविक आहे. पोट बिघडत असेल किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. मात्र तपासणीशिवाय महिनोन्महिने गोळ्या खात राहणेही योग्य नाही. हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता नसते. थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष असलेल्यांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते आणि लोह मात्र पुरेसे असू शकते. साठा पाहायचा असेल तर फेरिटिन नावाची रक्ततपासणी करावी. प्रौढांमध्ये ते दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असणे म्हणजे साठा संपल्याची खूण मानली जाते. सतत थकवा, केस गळणे, रात्री पायांची अस्वस्थ चुळबुळ किंवा माती-खडू खाण्याची इच्छा अशी लक्षणे असतील तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता ही तपासणी करून घ्यावी.

मधुमेही दात्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी रक्तदानानंतर काही आठवडे खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते, कारण रक्तातल्या पेशी नव्या असतात. ती करायची असेल तर रक्तदानाच्या आधी करावी किंवा डॉक्टरांना रक्तदानाची तारीख सांगावी.

नववी पायरी: रक्तपेढीशी संपर्क

दात्याला मिळालेले कार्ड प्रमाणपत्रापेक्षा जपून ठेवावे, कारण त्यावर रक्तपेढीचा दूरध्वनी असतो. रक्तदानानंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला, कावीळ झाली, डेंग्यू किंवा मलेरियाचे निदान झाले, किंवा अर्ज भरताना एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली असे आठवले, तर त्या क्रमांकावर कळवावे. तांबड्या पेशींची पिशवी महिनाभराहून अधिक काळ साठवली जाते, त्यामुळे आपल्या एका फोनने ती वेळीच बाजूला काढता येते.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. रक्तपेढीतून भेटायला या असा निरोप आला तर तो टाळू नये आणि खचूनही जाऊ नये. ही चाळणी चाचणी असते. तिच्या निष्कर्षाची खातरजमा दुसऱ्या तपासणीने करावी लागते, आणि ही माहिती गोपनीय ठेवली जाते.

पुढच्या वेळी

रक्त दिल्याच्या दिवशीच मोबाइलच्या दिनदर्शिकेत पुढची तारीख टाकून ठेवावी: पुरुषांनी तीन महिन्यांनंतरची, स्त्रियांनी चार महिन्यांनंतरची. अंतर पूर्ण होण्याआधी कोणी कितीही आग्रह केला, अगदी नात्यातल्या रुग्णासाठी केला, तरी पुन्हा रक्त देऊ नये. अशा वेळी ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर जवळच्या रक्तपेढ्यांतील साठा पाहता येतो. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट्स देण्याचे नियम वेगळे आहेत: तांबड्या पेशी बहुतांशी परत मिळत असल्यामुळे किमान ४८ तासांनी, आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षातून २४ वेळा त्या देता येतात. त्या प्रक्रियेत ओठांना किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच सांगावे; रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या द्रावणामुळे कॅल्शियम तात्पुरते कमी होते, आणि यंत्राचा वेग कमी करून किंवा कॅल्शियमची गोळी देऊन तो त्रास थांबवता येतो.

मागच्या वेळी भोवळ आली होती म्हणून कायमचे रक्तदान सोडण्याचे कारण नाही, पण ती गोष्ट अर्जात लपवूही नये. डॉक्टरांना सांगितले तर ते शांत कोपऱ्यातली खाट देतात, पाय थोडे उंच ठेवतात आणि सुई निघाल्यावर जास्त वेळ पडू देतात. अशा दात्याने घरून निघताना काहीतरी खारट खावे, नोंदणीनंतर रांगेत उभे न राहता बसून घ्यावे, अर्धा लिटर पाणी संपवावे, सुई टोचल्यापासून मधूनमधून मांड्यांचे स्नायू आवळत राहावे आणि घरी नेण्यासाठी कोणाला तरी बरोबर आणावे.